साहेबांची खुर्ची

४ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

हे पत्र पोचेल तेव्हा तू मशीनवर बसलेली असशील. आधी पायडलवरून पाय काढ आणि मग वाच. नाहीतर तू हसशील आणि कुणाच्या तरी शर्टाची शिवण वाकडी जाईल.

आमच्या घरी कुत्रा आला आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू बोलतेस आणि मी 'हं, हं' करतो. सांगायचं ते राहूनच जातं.

झालं असं, की प्राण्यांच्या निवाऱ्यात दारं बसवायचं काम मिळालं होतं. बारा खोल्या, बारा दारं. मी रंधा मारायला बसलो की एक तांबूस कुत्रा यायचा आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपायचा. अंगावर भुसा पडला तरी हलायचा नाही. पाय काढून घेतला तर दुसऱ्या पावलावर. काम चार दिवसांत संपलं. पाचव्या दिवशी दुकानात बसलो, तर पाऊल हलकं वाटायला लागलं. सुतारकीत बत्तीस वर्षं गेली, पण काम सुटल्यावर पाऊल हलकं वाटलं असं कधी झालं नव्हतं.

परत गेलो. निवाऱ्याच्या बाई म्हणाल्या, "न्या, पण आधी ऐका." त्याची अन्ननलिका जन्मापासून सैल आहे. गिळलेलं पोटात उतरत नाही, मध्येच अडकून राहतं आणि थोड्या वेळाने तसंच्या तसं बाहेर येतं. हे बरं होणारं नाही, पण सांभाळता येणारं आहे. त्याला माणसासारखं ताठ बसवून भरवायचं, आणि मग वीस मिनिटं तसंच बसवून ठेवायचं, म्हणजे अन्न आपल्या वजनाने खाली उतरतं. दिवसातून तीनदा.

"बसवायचं कशात?" मी विचारलं.

"खुर्चीत," बाई म्हणाल्या. "तशी खुर्ची तयार मिळत नाही. सुतार लागतो." आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

घरी आलो तर ही पोस्टातून नुकतीच आली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लग्नाला चोवीस वर्षं झाली. या घरात मी जेवते ती खुर्ची अजून डुगडुगते. आणि कुत्र्याला खुर्ची?" मग दोन मिनिटांनी म्हणाली, "कधी आणायचाय?"

पहिली खुर्ची काल झाली. त्याचं जमिनीपासून खांद्यापर्यंत माप घेतलं, चार बोटं जास्त धरली, पुढे फळी, फळीला बिजागरी आणि कडी. कडा घासून गुळगुळीत केल्या. त्याला आत बसवलं तर तो दिसेनासाच झाला. नुसते दोन कान वर. ही पोट धरून हसत होती. म्हणाली, "अहो, विहिरीत पडलाय तो, दोर टाका."

तुझा धाकटा


९ फेब्रुवारी

धाकट्या,

शिवण वाकडी गेलीच. उसवून पुन्हा घातली, तो अर्धा तास तुझ्या नावावर.

अरे, तू उभ्या कुत्र्याचं माप घेऊन बसलेल्या कुत्र्याची खुर्ची केलीस. मी असं काम केलं असतं तर गिऱ्हाइकांनी मला मशीनसकट रस्त्यावर ठेवलं असतं. बसल्यावर अंग बदलतं. पाठ आखूड होते, पोट पुढे येतं, मांड्या पसरतात. म्हणून माझ्याकडे कुणी पँटचं माप द्यायला आलं, की मी आधी स्टूल पुढे करते. लोकांना वाटतं, पाहुणचार करते.

आता नीट ऐक. त्याला मागच्या पायांवर ताठ बसव. वहिनीला पुढचे पंजे धरायला सांग. बुडापासून काखेपर्यंत माप घे, ती पुढच्या फळीची उंची. छातीचं माप श्वास घेतल्यावर घे, सोडल्यावर नको. दोन बोटं सैल ठेव, चार नकोत. सैल कपड्यात माणूस लटकतो, तसा तो खुर्चीत लटकेल.

कुत्रा आणलास याचा आनंद आहे. पण आणायचाच तर आजारी कशाला आणलास रे? लहानपणी बाजारात पाठवलं की किडके बटाटे उचलून आणायचास. आई ओरडली की म्हणायचास, "ते कोण नेणार मग?" पन्नाशीला आलास, तरी पिशवी तीच.

नाव काय ठेवलं ते लिहिलं नाहीस.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

तुझ्या मापाने दुसरी खुर्ची केली. बेतशीर बसली. पुढच्या फळीवर तो दोन्ही पंजे असे ठेवतो, की आता अर्ज पुढे करावा आणि सही मागावी. म्हणून हिने त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. सकाळी ही विचारते, "साहेब खुर्चीवर आले का?" आणि तो स्वतः चालत येऊन खुर्चीपुढे उभा राहतो. डब्यातलं खाणं पाण्यात कालवून त्याचे लिंबाएवढे गोळे करतो. एकेक गोळा सावकाश भरवायचा. पाणीसुद्धा पावडर घालून दाट करून द्यायचं.

मग वीस मिनिटं. खुर्चीला मी मागे भिंतीचा आधार दिला आहे, पण तो माझाच आधार घेतो. मी समोर स्टुलावर बसतो आणि तो मान पुढे काढून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकतो. उठायची सोय नाही. पहिले दोन दिवस मी घड्याळाकडे बघत होतो. तिसऱ्या दिवसापासून प्रार्थना म्हणायला लागलो. ताई, इतकी वर्षं देवापुढे पाच मिनिटं बसायचो आणि त्यातली चार मन दुकानात असायचं. आता रोज तासभर बसणं होतं. हलता येत नाही म्हणून मनही हळूहळू बसतं. आपले गुरुजी म्हणायचे, वर फेकलेलं खाली येतं हा पृथ्वीचा उपकार समजा. तेव्हा आपण हसलो होतो. आता रोज तीनदा त्या उपकाराची वाट बघत बसतो.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नाही. तू काळजी करशील म्हणून. हा दोन घरांतून परत आलेला आहे. दोन्ही ठिकाणी अन्न छातीत गेलं आणि फुप्फुसाला सूज आली. कसाबसा वाचला. तिसऱ्यांदा झालं तर सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. निवाऱ्याने मला दोन महिन्यांच्या बोलीवर दिला आहे. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडेही तसंच झालं, तर प्रामाणिकपणे परत आणा. तुमचं मन राखायला त्याचा जीव नको." बोलणं सरळ होतं, मी कबूल केलं. मार्च संपेपर्यंत नीट राहिला, तर कागद होतील आणि तो आमचा.

वजन आठवड्यात पाऊण किलो वाढलं आहे. खुर्चीची फळी मात्र त्याच्या काखेत थोडी काचते. बघायला ये ना. तो कुणावरही जीव टाकतो, तुझ्यावर तर टाकेलच.

धाकटा


१८ फेब्रुवारी

धाकट्या,

काचते तर जाकीट हवं. छातीला आणि काखेला आतून जाड अस्तर, पाठीवर बंद. पत्रातून माप घेता येत नाही, तेव्हा मीच येते. बावीस तारखेला दुपारी पोचेन. पाच दिवस राहीन. हातात एका शाळेचे गणवेश आहेत, ते दोन दिवसांत हातावेगळे करते.

तुझं पत्र वाचून डोळ्यात पाणी आलं. दोनदा परत केला? वस्तू आहे का तो? आणि तीन वेळा लिंबाएवढे गोळे खाऊन त्याचं पोट तरी भरतं का रे? विचारते आपलं.

वहिनीला सांग, जेवणाची तयारी करू नको. मी येताना करून आणते. तिने सुट्टी काढू नये.

ताई


२ मार्च

धाकट्या,

सुखरूप पोचले. बसमध्ये जागा खिडकीजवळची मिळाली. वहिनीने दिलेला डबा वाटेत संपवला, डबा पुढच्या वेळी आणते.

पाच दिवस कसे गेले कळलं नाही. साहेबांनी माझ्या साडीचा पदर अंथरूण म्हणून वापरला, तो मी अजून धुतलेला नाही. शेजारीण म्हणाली, "कुत्र्याचे केस लागलेत." मी म्हटलं, "असू देत."

जाकीट नीट बसतं ना? काखेत आता काचत नाही ना? तो खातो ना व्यवस्थित? खोकत वगैरे नाही ना? सहज विचारते.

उलट टपाली चार ओळी टाक. मोठं पत्र नको.

ताई


६ मार्च

ताई, नमस्कार.

जाकीट उत्तम आहे. त्यात काही खोट नाही. खोट माझ्यात निघाली.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून साहेब खोकायला लागला. आधी वाटलं, घशात भुसा गेला असेल. मग अंग तापलं. तुझं पत्र आलं तेव्हा मी त्याला घेऊन डॉक्टरांकडेच बसलो होतो. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. डाव्या फुप्फुसाला सूज आहे. वेळेवर आणलंत, म्हणाले. औषधं चालू आहेत, वाफ देतो आहे. दोन दिवस त्याने हनुवटीसुद्धा उचलली नाही. आज सकाळी शेपटी एकदा हलवली, तेवढंच.

डॉक्टरांनी विचारलं, "खुर्चीबाहेर काही खायला दिलं का?" मी म्हटलं, आमच्याकडे तसं होणारच नाही. मग ते म्हणाले, "तर बसण्यात काहीतरी चुकत असेल."

घरी येऊन खुर्चीला ओळंबा लावला. पाठीची फळी वरच्या टोकाला अर्धा बोट मागे गेली आहे. लाकूड ओलं होतं की मी घाई केली, देव जाणे. म्हणजे हे दोन-तीन आठवडे तो थोडासा मागे रेलून खात होता, आणि मी समोर बसून प्रार्थना म्हणत होतो. ताई, दुसऱ्याच्या घरात मी दार बसवतो तेव्हा तीनदा ओळंबा लावतो. स्वतःच्या घरातल्या मुक्या जिवासाठी एकदाही लावला नाही.

खुर्ची सगळी मोकळी केली आहे. पुन्हा पहिल्यापासून करतो.

धाकटा


९ मार्च

धाकट्या,

पत्र वाचलं. वाईट वाटलं. औषधाने उतार पडेल, तू धीर सोडू नको.

खुर्चीची पाठ सरळ करतोच आहेस, तर खाली बुडाशी एक पातळ उशी घाल, म्हणजे तो पुढे झुकेल. पुढे झुकलेला बरा. मी उशीचा कपडा कापून ठेवला आहे, पाठवते. कदाचित फळीचा कोनच चुकला असेल. लाकडाचं काही सांगता येत नाही, वाळलं की फिरतं.

अर्धं बोट म्हणजे काही फार नाही. त्याने एवढं होईल का, असं डॉक्टरांना विचारलंस का?

इथे काम खूप आहे. जास्त लिहीत नाही.

ताई


१२ मार्च

वन्सं, नमस्कार.

यांचं पत्र नाही, माझं आहे. काउंटरवर गर्दी नाही म्हणून इथेच लिहिते आहे. तुम्ही म्हणाल, सरकारी वेळेत घरची पत्रं. पण तुम्हा बहीणभावांच्या पत्रांवर आमचं खातं तगून आहे, तेव्हा एक माझंही चालेल.

साहेबाचा ताप उतरला आहे. खोकला थोडा आहे. यांचंच काही खरं नाही. खुर्ची तीनदा केली आणि तीनदा मोडली. चौथी केली, ती मला तर देव्हाऱ्यासारखी सरळ दिसते. तरी रोज ओळंबा लावून बघतात. परवा म्हणाले, "माझ्या हातच्या लाकडावर माझाच विश्वास राहिला नाही, त्याचा जीव कसा सोपवू?" आणि निवाऱ्यात फोन करून सांगितलं, वीस तारखेला परत आणून देतो.

मी भांडले. मी म्हटलं, मी आणा म्हटलं नव्हतं, पण आता नेऊ देणार नाही. ते म्हणाले, शब्द दिलाय. वन्सं, हे तुमचं ऐकतात. तुम्ही चार शब्द लिहा. माझं ऐकायचं असतं तर जेवणाची खुर्ची केव्हाच दुरुस्त झाली असती.

साहेब तुमची आठवण काढतो बरं का. तुम्ही इथे असताना तुमच्या शिवणाच्या पिशवीत सारखं तोंड घालून असायचा. अजूनही ती खुंटी बघतो, जिथे तुम्ही पिशवी अडकवत होता, आणि तिच्याखाली जाऊन उभा राहतो.

तुमची वहिनी


१५ मार्च

धाकट्या,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. त्याआधी फोन दोनदा उचलला. एकदा तू 'हॅलो' म्हणालास आणि मी ठेवला. तो फोन माझा होता.

तुझी खुर्ची चुकलेली नाही. चूक माझी आहे.

तुला माझी सवय माहीत आहे. लहान पोरं माप द्यायला येतात, हलतात, वळवळतात. एका हाताने टेप धरायची आणि दुसऱ्याने बिस्किटाचा तुकडा पुढे करायचा. तुकडा तोंडात गेला की पोर मूर्तीसारखं उभं राहतं. तीस वर्षं मी अशीच मापं घेतली आहेत. बिस्किटाचा पुडा माझ्या पिशवीत कात्रीइतकाच कायमचा.

जाकिटाचं माप उभ्यानेच घ्यावं लागलं, कारण ते खुर्चीबाहेरही घालायचं होतं. तू दुकानात होतास, वहिनी पोस्टात. मी टेप लावली की साहेब वळायचा, मला चाटायचा. मी अर्धं बिस्कीट दिलं. तो लगेच स्थिर उभा राहिला. मग कच्चे टाके घालून जाकीट चढवलं, तेव्हा अर्धं. टाचण्या लावताना अर्धं. तीन दिवस तीन फिटिंग झाली. सगळे मिळून सहा-सात तुकडे असतील.

तू मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस, खुर्चीबाहेर काही द्यायचं नाही. मी 'हो' म्हटलं होतं. मला काय वाटलं, ते खरं लिहिते. मला वाटलं, बिस्कीट म्हणजे काही जेवण नाही. आणि त्याहून खरं म्हणजे, तू त्याला मोजूनमापून भरवतोस ते बघून मला त्याची दया आली होती. फासळ्यांवरून टेप फिरवताना हाताला एकेक फासळी लागत होती. म्हटलं, धाकट्याला काय कळतं भुकेतलं. देताना मला फार चांगलं वाटत होतं. तो दरवेळी माझ्या मनगटावर हनुवटी ठेवायचा.

निघायच्या दिवशी सकाळी तो एकदा खोकला. मी ऐकलं. मी पिशवीची चेन लावली आणि बस स्टँडवर आले.

तुझं पत्र आल्यावर मला कळलं होतं. तरी मी तुला उशीचा कपडा पाठवते म्हणून लिहिलं. तू खुर्ची मोडत होतास आणि मी लाकूड वाळलं की फिरतं असं लिहीत होते. मला लाकडातलं काय कळतं? थोरली असून हे लपवलं, त्याचं जास्त लागतं. तू लहानपणी माझ्या वाटची छडी खाल्ली आहेस, पण तेव्हा मी तुला कबूल तरी केलं होतं.

तू मला काय बोलायचं ते बोल. पण साहेबाला परत नेऊ नको. तुझ्या हाताखाली त्याला काही झालं नाही. माझ्या हाताखाली झालं. वीस तारखेच्या आत हे पोचावं म्हणून जलद टपालाने टाकते आहे.

ताई


२१ मार्च

ताई, नमस्कार.

तुझं पत्र सतराला दुपारी मिळालं. हिने पोस्टात तुझं अक्षर ओळखलं, वाटपाची वाट न बघता स्वतः घेऊन दुकानात आली. माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "वाचा, मी इथेच आहे."

वाचलं. राग आला. तुझ्यावर नाही आला असं लिहिणार होतो, पण तू इतकं खरं लिहिल्यावर मी खोटं कसं लिहू? तुझ्यावरच आला. ती बिस्किटं दिलीस त्याचा कमी, उशीच्या कपड्याचा जास्त. दुकानात पडलेल्या तीन खुर्च्यांच्या फळ्यांकडे बघितलं आणि दात आवळले. हिला म्हटलं, "मी ताईला आता महिनाभर पत्र लिहिणार नाही." ही म्हणाली, "बरं. महिना आजपासून धरू की सोमवारपासून?"

मग संध्याकाळी साहेबाला भरवलं. वीस मिनिटं त्याची हनुवटी खांद्यावर. प्रार्थना म्हणायला गेलो, तर शब्द सुचेनात. डोक्यात एकच गोष्ट येत राहिली. आज भरवण्याआधी मी ओळंबा लावला नव्हता. दहा दिवसांत पहिल्यांदा. तू मला माझी खुर्ची परत दिलीस, ताई. ती चूक तू मनात ठेवली असतीस तर मी त्याला विसाला नेऊन सोडलं असतं आणि उरलेलं आयुष्य स्वतःच्या ओळंब्याला भीत जगलो असतो. राग पूर्ण गेला असं म्हणत नाही. पण त्याला बसायला जागा राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती ऐकली, फोटो काढला. फुप्फुस स्वच्छ आहे. बिस्किटाचं ऐकून म्हणाले, "बरं झालं कारण कळलं. कोरडा तुकडा नळीत फुगून बसतो, मग उलटून श्वासात जातो." आणि ते अर्धं बोट? ते हसले. त्याने काही होत नाही म्हणाले. म्हणजे तू विचारलंस ते बरोबरच होतं.

विसाला निवाऱ्यात गेलो, पण साहेबाला घरी ठेवून. बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी त्याची फाइल पुढे ओढली. मग म्हणाल्या, "आधीची दोन्ही घरं म्हणाली होती, आम्ही सगळं नीट केलं, कसं झालं कळत नाही. कुणीतरी काहीतरी दिलंच असणार. कुणीच बोललं नाही, म्हणून आम्हाला शिकताही आलं नाही." तुझ्या पत्राची नक्कल त्याच्या फाइलला लावू का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, बहिणीला विचारून सांगतो. घरी आल्यावर ही म्हणाली, "वन्सं फाइलीत जाणार! चोवीस वर्षं नोकरी करून माझा कागद अजून फाइलीला लागला नाही."

बाईंनी कागद दिले आहेत. मार्च संपायची वाट बघायला नको म्हणाल्या. एकच पान राहिलं आहे. आम्ही दोघं आजारी पडलो किंवा गावाला गेलो, तर त्याला कोण सांभाळणार? घराबाहेरची व्यक्ती हवी, आणि या आजारात काय चालतं, काय चालत नाही, हे तिला नीट माहीत हवं. हिने शेजारच्यांचं नाव सुचवलं, तेही चांगले आहेत. मी विचार केला. एका बिस्किटाने काय होतं हे त्यांना मी सांगीन, ते मान डोलावतील. तूही मान डोलावली होतीस. पण आता जगात कुणी त्याच्यापुढे चुकूनही तुकडा धरणार नसेल, तर ती तू.

हे मी तुझं मन राखायला करत नाही. तसं असतं तर बाईंनी मला दारातच उभं केलं असतं. त्याला गरज आहे म्हणून करतो.

तू एकदा येऊन आठवडाभर तीन वेळा भरवायचं, मी बाजूला बसणार, असं ठरलं आहे. कागद सोबत आहे. त्यातले रकाने तुझ्या हाताने, तुझ्या अक्षरात भरायचे, असा नियम आहे. मी त्यात काही लिहिलेलं नाही. फुलीपुढे सही कर आणि पाठव. नको असेल तर तसं स्पष्ट लिही, मी समजून घेईन.

साहेब बरा आहे. आज त्याने फळीवर पंजा आपटून दुसरा गोळा मागितला.

धाकटा


२७ मार्च

धाकट्या,

कागद तीन दिवस मशीनवर ठेवला होता. येता-जाता बघत होते. काल एका गिऱ्हाइकाने विचारलं, "कसला अर्ज आहे बाई?" मी म्हटलं, "नोकरीचा." ती हसली. मी नाही हसले.

पत्राची नक्कल लावायची असेल तर लावू दे. फक्त छडीची ओळ खोडायला सांग.

मी एक तारखेला येते. हो म्हणण्याआधी मी माझीच परीक्षा घेतली. दुकान बंद केल्यावर हातात काही न घेता वीस मिनिटं स्टुलावर बसून बघितलं. सातव्या मिनिटाला सुईत दोरा ओवायला उठले. दुसऱ्या दिवशी अकराव्या मिनिटाला. काल पूर्ण बसले. तू त्यात प्रार्थना म्हणतोस. मला तेवढ्या येत नाहीत, मी गिऱ्हाइकांची मापं मनात म्हणत होते. चालेल ना?

सही केली आहे. पत्ता लिहिला, धंदा लिहिला, वय दोन वर्षं कमी लिहिलं, ते वहिनीला सांगू नको. एका रकान्याशी मात्र मी अडले. 'प्राण्याशी नातं' असं तिथे छापलं आहे. आधी वाटलं, रेघ मारावी. मग वाटलं, 'मालकाची बहीण' लिहावं. पण ते तुझ्याशी नातं झालं, त्याच्याशी नाही. पेन बराच वेळ तसंच धरून बसले.

तुमच्या घरात लहान मूल झालं नाही. माझी पन्नाशी उलटून गेली तरी मला त्या नात्याने हाक मारणारं कुणी आलं नाही. हाही मारणार नाही म्हणा. तरी निवाऱ्याच्या बाईंना विचारून ठेव, चालतं का ते. चालत नसेल तर खोडू दे. मी शाईने लिहिलं आहे.

आत्या.

ताई